लोणीमास्तरांचा हात

विमान वर नेण्यात फार मोठा पुरुषार्थ नाही. इंजिनाला जोर दिला, धावपट्टीवर सरळ पळवलं, की ते आपणहून उठतं. त्याचा जन्मच त्यासाठी झालेला असतो. खरी गोम आहे ती खाली येण्यात. शिकाऊ मुलं जी काही विमानं मोडतात, ती बहुतेक सगळी जमिनीपासून हातभर उंचीवर मोडतात, आणि तीही निरभ्र आकाशात, सगळं सुरळीत चाललेलं असताना. इथवर शहाण्यासारखं आलेलं पोर शेवटच्या क्षणी बिचकतं. चाकं आपटतात, विमान उसळतं, पोर घाबरून नाक खाली दाबतं, मग विमान आणखी उसळतं. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेच्या विमानतळावर याला बेडूकउड्या म्हणत. पहिल्या उडीला जोर देऊन जो परत वर निघून गेला तो वाचला. तिसऱ्या उडीची वाट बघत बसला, तर विमानाचं पुढचं चाक काही शिल्लक राहत नाही.

लोणीमास्तरांच्या मुलांना मात्र बेडूकउड्या ऐकूनच माहीत होत्या. मास्तर तिथले सगळ्यात जुने शिक्षक. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण हजेरी घेणारा कारकून सोडला तर ते कुणाला आठवत नसे. त्यांनी शिकवलेलं पोर विमान उतरवायला लागलं की चाकं कधी टेकली ते आत बसलेल्यालाही कळत नसे. बघणारे म्हणत, "लोणी आहे, लोणी!" तेच नाव मास्तरांना चिकटलं. विमानं दुरुस्त करणारा मिस्तरी तर तोंडावर म्हणायचा, "मास्तर, तुमच्या पोरांनी माझ्या पोटावर पाय दिलाय. मेली टायरसुद्धा झिजवत नाहीत!"

मास्तर यावर नुसते हसत. अंगाने भरभक्कम, बोलायला कमी, आणि कुणावर ओरडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. दुसरे शिक्षक हवेत मुलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मास्तर फार तर "हं, सावकाश" एवढंच म्हणत.

ते विमान म्हणजे काय, तर पंख लावलेला डबा. आत दोन माणसं बसतात, डावीकडे शिकणारा आणि उजवीकडे शिकवणारा, दोघांचे खांदे एकमेकांना घासतात. दोघांपुढे एकेक दांडा. खालून ते दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक हलला की दुसरा हलतोच. दिवसभर मास्तर या डब्यात कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून बसत, आणि संध्याकाळी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत परत येत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खोलीत खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर इस्त्रीचे कपडे बसलेले असत. पलंग दोघांचा होता, आणि मास्तर अजून त्याच्या उजव्या बाजूलाच झोपत. संध्याकाळी खिडकीशी उभं राहून ते उकडलेली अंडी सोलत, तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन येई.

"जेवलास?"

"जेवतोय."

"काय?"

"अंडी."

"कालही अंडीच होती."

"कोंबडी एकनिष्ठ आहे, ताई."

ताई हसायची. मग तिच्या गुडघ्यांचं, सुनेच्या नोकरीचं सगळं सांगून व्हायचं आणि फोन बंद. त्यानंतर सकाळपर्यंत मास्तरांशी बोलायला कुणी नसे. त्यांना एकटं वाटायचं, अगदी रोज वाटायचं. पण हे कुणाला सांगायचं आणि कसं, ते त्यांना कधी जमलं नाही. चारचौघांत रडगाणं गाणारा त्यांचा स्वभावच नव्हता.

एक गोष्ट तर त्यांनी ताईलाही सांगितली नव्हती. विमान उतरताना, जमीन जवळ आली की, मास्तर आपल्या दांड्याखाली दोन बोटं धरत. नुसती टेकवून. पोर चुकलंच तर सावरायला जवळ असावीत म्हणून. तसं ते सगळेच शिक्षक करतात. पण त्या दोन बोटांना दांड्यातून पलीकडचा हात कळायचा. तो थरथरतोय, तो ताठरलाय, आता त्याला धीर आला, आता तो हळूहळू मागे येतोय. दिवसाकाठी माणसाच्या हाताचा जो काही स्पर्श मास्तरांच्या वाट्याला येई, तो हा असा, लोखंडी दांड्यातून येई. त्यावर ते भागवत.

मुलं शिकून तयार झाली की एकट्याने उडायची. त्या दिवशी शिक्षक इंजिन चालू असतानाच खाली उतरतो, आपल्या रिकाम्या जागेवरचा पट्टा घट्ट बांधतो, दार लावतो आणि बाजूच्या गवतात जाऊन उभा राहतो. पोर एक फेरी मारून परत येतं, उतरताना जरा आपटलं तरी पहिली वेळ म्हणून कुणी मनावर घेत नाही. पोर खाली उतरून आनंदाने उड्या मारतं, शिक्षकाचा हात हातात घेऊन हलवतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या शिक्षकाकडे जातं. मग मास्तर भेटले की लांबूनच "नमस्कार सर." गरज सरो नि वैद्य मरो म्हणावं, इतकी काही ती मुलं वाईट नव्हती. त्यांना फक्त घाई होती.

या मुलांत एक मुलगी आली. अंगाने काडी आणि जिभेने टोचरी, म्हणून बरोबरीची मुलं तिला टाचणी म्हणत. तिला कुणी मदत केलेली खपायची नाही. विमानाचं दार जड होतं, पण दुसऱ्याने लावलेलं चालायचं नाही. पायरीवर पाय पोचत नव्हता, तरी हात धरलेला चालायचा नाही.

"सर, मी लावते. राहू द्या, मी चढते. तुम्ही नका हो सांगू, मलाच सुचू दे."

मास्तरांना ती आवडली. तीही मास्तर सोडून कुणाशी फार बोलत नसे. उतरवणं चांगलं झालं की विमानातून उतरता उतरताच आईला फोन लावायची, "आई, आज कळलंसुद्धा नाही गं चाकं कधी टेकली ते!" आई बहुधा पलीकडे सगळ्या गल्लीला ओरडून सांगत असावी, कारण टाचणी फोनवर लाजून म्हणायची, "अगं, हळू!" मास्तर बाजूला उभे राहून टोपी झटकत. त्यांना वाटे, आपलंच पोर घरी फोन करून असं बोलतंय.

टाचणीचा एकटीने उडायचा दिवस आला. वारा नव्हता, ऊन स्वच्छ होतं. तीन वेळा तिने मास्तरांना घेऊन विमान उतरवलं, तिन्ही वेळा लोणी. मास्तर खाली उतरले, पट्टा बांधला आणि गवतात जाऊन उभे राहिले.

विमान उठलं, वळलं, लांबून फिरून धावपट्टीच्या समोर आलं. उंची बरोबर, वेग बरोबर. मास्तरांनी मान डोलावली. पट्टीवर आल्यावर दांडा मागे ओढून नाक हलकेच वर उचलायचं असतं, म्हणजे मागची चाकं आधी टेकतात. नाक उचललं गेलं, पण पुरतं नाही. विमान जवळजवळ सपाटच आपटलं आणि उसळलं.

"वर! जोर दे, वर जा!" मास्तर ओरडले. गवतात उभं राहून ओरडलेलं विमानात कुणाला ऐकू जातं?

दुसरी उडी पहिलीपेक्षा उंच. तिसऱ्या उडीला पुढचं चाक मोडलं, नाकावरचा फिरता पंखा जमिनीत घुसून वाकला, आणि विमान नाक घासत पट्टीवरून घसरत गवतात जाऊन थांबलं.

मास्तर त्या अंगाने जसे पळू शकतील तसे पळाले. टाचणी स्वतःच दार ढकलून बाहेर आली होती. ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं होतं, बाकी धड होती. तिने मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, मी रोजच्यासारखंच केलं. अगदी रोजच्यासारखंच केलं हो."

संस्थेच्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांना सगळे कॅप्टनबाई म्हणत. एके काळी त्या मास्तरांच्याच विद्यार्थिनी, त्यामुळे चारचौघांत मास्तर त्यांना अहोजाहो करत आणि दोघंच असली की अगं म्हणत. त्या दुपारी त्यांनी मास्तरांना बोलावून विचारलं, "मुलगी तयार होती?"

"होती. सगळं येत होतं तिला."

"मग?"

"मी उतरलो की विमान हलकं होतं. जरा तरंगतं. ऐन वेळी हातपाय गळाले असतील."

"सगळं येत असून ऐन वेळी हातपाय गळतात," कॅप्टनबाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे हिला पुढे शिकवण्यात अर्थ नाही. परवा चौकशी आहे. तुम्ही हेच सांगणार असाल, तर तिला घरी पाठवावं लागेल."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीची बाजू घ्यायला म्हणून तोंड उघडलं, आणि बोलून बसले ते तिच्याच मुळावर आलं.

कॅप्टनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग टोपी उचलली. "चला सर, एक फेरी मारू. मी डावीकडे बसते. समजा, मी नवी विद्यार्थिनी आहे."

दोघं उडाले. मास्तरांना बरं वाटलं. किती वर्षांनी ही पोरगी शेजारी बसली होती. खाली येताना त्यांनी सवयीने दांड्याखाली बोटं धरली. पट्टी आली, नाक वर झालं, चाकं टेकली ती कळलीही नाहीत. विमान जागेवर उभं करून कॅप्टनबाईंनी इंजिन बंद केलं.

"कसं उतरवलं मी?"

"सुरेख. तुझा हात पहिल्यापासूनच हलका."

"सर, पट्टी सुरू व्हायच्या आधीच मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते."

मास्तर हसले. ही थट्टा असावी असं त्यांना वाटलं. कॅप्टनबाई हसल्या नाहीत.

"काहीतरीच काय," मास्तर म्हणाले. "मला तुझा हात लागत होता."

"कुठे?"

"दांड्यात. हात कळतो मला त्यातून. शेवटी जरा थरथरलासुद्धा."

"तो वारा असतो, सर." कॅप्टनबाईंचा आवाज अगदी खाली आला. "शेपटीवर वारा लागतो, तो दांड्यात जाणवतो. तुम्हीच शिकवलंय मला."

मास्तरांनी आपल्या हाताकडे बघितलं. बोटं अजून दांड्याखालीच होती. त्यांनी ती काढून घेतली आणि ती कुठे ठेवायची हे न सुचून गुडघ्यावर ठेवली. इतक्या वर्षांत, इतक्या मुलांबरोबर, ज्याला ते माणसाचा हात समजत आले, त्यातला हात किती आणि वारा किती, हे आता कोण सांगणार होतं?

"एकटीने उडायच्या दिवशी नशिबाने निभावलं, पण इथून गेल्यावर पहिलं वर्षभर मी बेडूकउड्या मारत होते," कॅप्टनबाई म्हणाल्या. "वाटायचं, मास्तरांकडे तर मला येत होतं, आता काय झालं माझं? मग मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा हळूहळू उमगलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुमच्यापुढे तोंड उघडलं नाही. आज एक विमान मोडलंय. उद्या पोरगी मोडेल."

"म्हणजे मी..."

"चौकशीत दोनच गोष्टी सांगता येतील. मुलीला जमत नाही, नाही तर मुलीला उतरवायला कुणी शिकवलंच नाही. पहिली सांगितलीत तर ती जाईल. दुसरी सांगितलीत तर तुमचं उडणं जाईल. मला विचारलंत तर मी दुसरी म्हणेन. पण सांगायचं तुम्ही."

त्या संध्याकाळी अंडी तशीच राहिली. मास्तर ताईला म्हणाले, "ताई, तुझ्या मोठ्याला सायकल मी शिकवली होती ना?"

"हो. आणि गुलाम अजून उतार लागला की खाली उतरून हातात धरून नेतो. का रे?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

उडणं गेलं तर आपल्यापाशी काय उरतं, याचा हिशेब त्यांना फार वेळ करावा लागला नाही. दोन खोल्या, दोन खुर्च्या आणि एक फोन. तरी सकाळी उठून त्यांनी दाढी केली ती मन पक्कं करूनच. चौकशीच्या आधी त्यांना टाचणीला गाठायचं होतं. तिच्या जिवाला घोर लागलेला असणार. दोष तुझा नाहीच, हे ऐकून पोरीचा जीव भांड्यात पडेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर, ती रडेल, मग हसेल, आणि आपलं तिच्याशी पुन्हा जमेल, अशी थोडी आशाही होती.

ती विमानांच्या शेडमध्ये होती. मिस्तरी मोडक्या विमानाचा वाकलेला पंखा खोलत होता आणि ती खोक्यावर बसून नुसती बघत होती. मास्तर दिसताच मिस्तरी काहीतरी आणायला निघून गेला. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. बोटांचं सांगितलं, कॅप्टनबाईंबरोबरच्या फेरीचं सांगितलं. "तुझी काही चूक नव्हती, पोरी. तू दांडा ओढायचीस थोडासा, उरलेला मी ओढायचो. तुला कळत नव्हतं, मलाही कळत नव्हतं. उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला कुणी घरी पाठवणार नाही."

टाचणी रडली नाही. तिने सुजलेल्या ओठाला बोट लावून बघितलं.

"मग ती लोणी?" तिने विचारलं. "सगळी?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

"एकही माझं नव्हतं?"

"थोडं तुझंही होतं..."

"थोडं म्हणजे किती, सर? मी आईला सांगत होते. ती सगळ्यांना सांगत फिरते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते तर मी!" तिचा आवाज चिरकला. "म्हणजे इतक्या दिवसांत माझं स्वतःचं असं एकच झालं. हे." तिने मोडक्या नाकाकडे बोट दाखवलं.

"मी तुला जपायला..."

"मी कधी म्हटलं होतं जपा म्हणून?"

तिने कधीच म्हटलं नव्हतं. उलट, दार मी लावते, मीच चढते, हेच ती पहिल्या दिवसापासून सांगत आली होती. हात तिला नको होता. मास्तरांना हवा होता. हे त्यांना त्या शेडमध्ये, तेलाच्या डागांकडे बघत उभं असताना लख्ख कळलं, आणि इतकी लाज वाटली की मान वर करवेना. टाचणी उठून गेली.

चौकशीत मास्तरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. समोरच्या लोकांना आधी खरंच वाटेना. सगळ्यात चांगला शिक्षक म्हणून ज्याचं नाव घ्यायचे, तो सांगत होता की आपण कुणालाच उतरवायला शिकवलं नाही. पण कॅप्टनबाईंनी आपलंही सांगितलं, तेव्हा सगळ्यांना पटलं. टाचणीला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं ठरलं, आणि ते काम कॅप्टनबाईंनी स्वतःकडे घेतलं. मास्तरांनी यापुढे विद्यार्थ्याबरोबर उडायचं नाही. जुना माणूस म्हणून त्यांना वर्गात ठेवलं. नव्या मुलांना ढग, वारा, नकाशे समजावून सांगायला.

"आता काय करणार?" ताईने फोनवर विचारलं.

"फळ्यावर शिकवणार."

"बरंच झालं. फळ्यावरून पडायची भीती नाही." ती हसली, मास्तरही हसले. मग ताईने हळूच विचारलं, "रडतोयस का रे?"

"नाही गं. कांदा चिरतोय."

"अंड्याला कांदा कधीपासून लागायला लागला?" ताई म्हणाली. पण त्या दिवशी तिने फोन लवकर ठेवला नाही.

वर्ग पट्टीच्या बाजूलाच होता. नवी मुलं बाकांवर दाटीवाटीने बसत आणि मास्तर फळ्यापाशी एकटे उभे. खांद्याला खांदा लागण्याचे दिवस संपले होते. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "सर, तुम्ही विमान चालवता?"

"चालवायचो," मास्तर म्हणाले. "माझंही चालवायचो आणि दुसऱ्यांचंही मीच चालवायचो." वर्ग खो खो हसला. मुलांना वाटलं, सर विनोदी आहेत.

टाचणी दिसायची, पण लांबून. समोरून आली तर "नमस्कार सर" म्हणायची आणि तोंड फिरवून जायची. तिचं विमान उतरवणं मास्तर शिकवता शिकवता खिडकीतून बघत. कॅप्टनबाई शेजारी हात छातीशी बांधून बसत, म्हणजे दुरूनही दिसावं की हात बांधलेत. आणि टाचणी विमान आपटायची. वाकडं आणायची, एका चाकावर टेकवायची, कधी लांबवर तरंगत न्यायची. एकदा उसळलं तेव्हा मास्तरांच्या हातचा खडू मोडला. पण या वेळी विमानाने लगेच जोर घेतला आणि ते वर निघून गेलं. मिस्तरी खूश होता. "आता कशी टायरं यायला लागली बदलायला!" असं तो वर्गाच्या दाराशी येऊन सांगून गेला.

एका सकाळी मास्तर वर्गात वाऱ्याच्या दिशा काढून दाखवत असताना पट्टीच्या कडेला विमान थांबलं आणि कॅप्टनबाई एकट्याच खाली उतरल्या. मास्तरांनी पाठीमागे बघितलंच नाही. फळ्यावर बाण काढत राहिले. पण कान काही फळ्याकडे नव्हते. इंजिनाचा आवाज लांब गेला, वळला, परत जवळ आला, बारीक झाला. मग मास्तरांना राहवेना. ते खिडकीशी गेले.

विमान जरा तिरकं आलं. नाक उचललं, थोडं जास्तच उचललं, मग सावरलं. धाडकन टेकलं. इतकं जोरात, की बाकावरच्या मुलांनी "ओ!" केलं. एकदा किंचित उसळलं, पुन्हा टेकलं, आणि डुलत डुलत सरळ धावत गेलं. लोणी तर सोडाच, दगडही इतक्या जोरात पडत नाही. पण चाकं जागेवर होती, पंखा फिरत होता.

जरा वेळाने ती वर्गाच्या दाराशी आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, छाती अजून धपापत होती.

"बघितलंत, सर?"

"बघितलं. आपटलंस."

"हो," ती म्हणाली. "मीच आपटलं."

तिचा चेहरा इतका उजळला होता की मास्तरांना डोळे भरून बघावंसं वाटलं. चूक सुधारून सांगायची जुनी सवय जिभेवर आली होती. नाक जरा उशिरा उचल, असं काहीतरी. ते त्यांनी गिळलं. ती क्षणभर थांबली, मग बरोबरीच्या मुलांनी हाक मारली तशी वळून पळाली.

मास्तरांना आनंद झाला. एवढा आनंद कुणाच्याही लोण्याने त्यांना कधी झाला नव्हता. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की त्या आपटण्यात आपला काडीचाही वाटा नाही, म्हणूनच ते चांगलं झालंय. हे कुणाला जाऊन सांगावं असं माणूस तिथे नव्हतं. वर्गात मुलं कुजबुजत होती, एक पोरगा घाबरून विचारत होता, "सर, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं का?"

"ज्याचं स्वतःचं असतं त्याचं होतं," मास्तर म्हणाले, आणि फळ्याकडे वळले.